बर्फ ओसरल्यावर डोंगर काय करतो : उंच हिमालयातील बदलती भूरूपे वाचण्याची पद्धत

हवामानबदलाचा हिमालयावर झालेला परिणाम पाहायला जाणारे बहुतेक लोक एकच प्रश्न घेऊन जातात, तो म्हणजे हिमनदी किती मागे सरकली. प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे. बर्फ ओसरला की त्याच्या आधाराने उभे असलेले उतार, त्याने शतकानुशतके वाहून आणलेला दगडगोटा, त्याच्या पुढ्यात साठणारे पाणी आणि आजूबाजूच्या खडकांतील गोठलेल्या भेगा हे सगळे एकाच वेळी नवा तोल शोधू लागते, आणि खालच्या गावांवर येणारे संकट बहुधा या तोल शोधण्यातूनच येते. हा बदल जमिनीवर कसा ओळखावा, कोणत्या क्रमाने पाहावा आणि पाहिलेल्यावरून कितपत निष्कर्ष काढावा, हे येथे मुख्यतः गढवालमधील गंगोत्री खोऱ्याच्या आधारे मांडले आहे. महाराष्ट्रातून यात्रेकरू आणि गिरिभ्रमण करणारे दोघेही या वाटेने मोठ्या संख्येने जातात. त्याशिवाय, हिमालयातील फार थोड्या हिमनद्यांची इतकी जुनी नोंद उपलब्ध आहे.

आधी घरी बसून

गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिचे तोंड म्हणजे गोमुख समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर असून गंगोत्रीच्या मंदिरापासून तेथपर्यंतची पायवाट साधारण १८ किलोमीटरची आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडन यांनी १९३५ मध्ये या तोंडाचा नकाशा काढला, आणि तेव्हापासूनची सरासरी काढली तर ते वर्षाला सुमारे २० मीटर या वेगाने मागे हटले आहे. मात्र हा वेग दरवर्षी सारखा नसतो. काही दशकांत तो वाढलेला आणि काही काळात मंदावलेला दिसतो.

हे मागे हटणे स्वतः पडताळून पाहणे आता अवघड राहिलेले नाही. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रे १९७२ पासूनची, तर युरोपच्या सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची असून दोन्ही विनामूल्य मिळतात. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ आणि गूगल अर्थ प्रोमधील जुन्या छायाचित्रांची पट्टीही उपयोगी पडते. त्यांतून छायाचित्र निवडताना महिन्याकडे नीट लक्ष द्यावे. मे-जूनच्या छायाचित्रात हिवाळ्यातील बर्फ अजून उतारांवर पसरलेला असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढग मध्ये येतात, त्यामुळे सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर या काळातील, नवा बर्फ पडण्याआधीचीच छायाचित्रे घ्यावीत, आणि तुलना करायच्या सर्व वर्षांसाठी तोच हंगाम ठेवावा. एका वर्षीचे जूनमधील आणि दुसऱ्या वर्षीचे ऑक्टोबरमधील छायाचित्र शेजारी ठेवून ‘बर्फ संपला’ असे दाखवणारी चित्रे समाजमाध्यमांवर फिरत असतात. त्यांत दिसतो तो बहुतांशी ऋतूंमधला फरक.

मोजताना हिमनदीच्या तोंडाशी एकच रेघ न ओढता प्रवाहाच्या दिशेने अनेक समांतर रेघा ओढाव्यात आणि प्रत्येकीवरील अंतराची सरासरी घ्यावी, कारण तोंड सरळ नसते आणि एखादा सुळका कोसळला तरी मधल्या रेघेवरचे अंतर एकदम बदलते. लँडसॅटच्या नेहमीच्या छायाचित्रात एक ठिपका ३० मीटरचा, सेंटिनेलच्या छायाचित्रात १० मीटरचा असतो. म्हणजे वर्षाला २० मीटर हटणाऱ्या हिमनदीचा एका वर्षाचा बदल लँडसॅटवरून सांगताच येणार नाही. त्यासाठी निदान दहा वर्षांचे अंतर हवे. जुन्या नकाशांबाबतही सावध असावे. १९६० च्या दशकातील हवाई छायाचित्रांवरून बनवलेल्या काही नकाशांत मोसमी बर्फाची गणना हिमनदीतच झाली होती, आणि पुढे अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहाची त्याच काळातील छायाचित्रे १९९५ पासून खुली झाल्यावर अशा चुका उघड झाल्या. नकाशा आणि छायाचित्र यांत मतभेद असेल तर सहसा छायाचित्रावर विसंबावे.

लांबीपेक्षा जाडी

प्रत्यक्ष खोऱ्यात पोहोचल्यावर मात्र तोंडाकडे धाव घेऊ नये. गोमुखाजवळ बर्फाचे सुळके पूर्वसूचना न देता तुटतात, आणि तेथे उभे राहून दिसते ते राखाडी, मळकट बर्फाच्या कड्यातून उसळणारे पाणी, म्हणजे हिमनदीच्या एका टोकाची एका दिवसाची स्थिती. त्यापेक्षा आधी उंचावरून, शक्य असल्यास शिवलिंग शिखराच्या पायथ्याच्या तपोवनाच्या बाजूने, खाली पसरलेल्या मुख्य हिमनदीकडे पाहावे.

पहिली गोष्ट ही जाणवते की तेथे पांढरे फारसे काही नाही. हिमनदीचा खालचा मोठा भाग दगडमातीच्या थराखाली आहे, आणि हा थर फार मोठी भूमिका बजावतो. थर एक-दोन सेंटिमीटरपेक्षा पातळ असेल तर काळसर दगड ऊन शोषून बर्फ अधिक वेगाने वितळवतात. तोच थर जाड झाला की उष्णता बर्फापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि वितळणे मंदावते. त्यामुळे अशा हिमनदीचे तोंड बराच काळ जागच्या जागी राहू शकते, आणि तरीही तिचा पृष्ठभाग वर्षानुवर्षे खाली जात असतो. दगडांच्या थरात मध्ये मध्ये उघडे पडलेले बर्फाचे लहान कडे आणि त्यांच्या पायथ्याशी साठलेली डबकी दिसली तर तेथे सर्वांत जास्त झीज चालू आहे असे समजावे. लांबीच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

पृष्ठभाग किती खाली गेला, हे सांगणारी सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे पार्श्व हिमोढ. हिमनदी आपल्या दोन्ही कडांना दगडमातीचा लांबट बांध रचत जाते. बर्फ काठोकाठ होता तेव्हा या बांधाच्या आतल्या बाजूला त्याचा टेकू होता, आणि आता बर्फ कित्येक मीटर खाली उतरल्याने ती बाजू उघडी, जवळजवळ उभी भिंत बनली आहे. बाहेरच्या उतारावर गवत आणि झुडपे, माथा धारदार आणि आत नागडी माती, असा एकतर्फी बांध दिसला की बर्फ पूर्वी त्या माथ्याच्या आसपास होता हे निश्चित समजावे. माथ्यापासून आजच्या बर्फापर्यंतची उंची म्हणजे तेवढ्या काळात नाहीशी झालेली जाडी.

ही भिंत सुरक्षित अंतरावरून, दुर्बीण असल्यास तिच्यातून, निवांत पाहावी. नदीने साठवलेल्या गाळात खडे आकारानुसार थरांत बसलेले असतात. येथे तसे काहीही आढळत नाही. चिमटीत धरल्यास पिठासारखी लागणारी राखाडी माती, कोनदार खडे आणि माणसाच्या उंचीहून मोठे धोंडे एकमेकांत अडकलेले असतात, आणि काही दगडांच्या सपाट बाजूंवर समांतर ओरखडे दिसतात. बर्फात गोठलेले दगड तळाच्या खडकावर घासले गेल्याच्या त्या खुणा होत. पावसाने आणि वितळत्या पाण्याने भिंतीत खोल घळी पाडलेल्या असतात, दोन घळींमध्ये पातळ पाकळ्यांसारखे भाग उरतात आणि त्यांच्या टोकाला एखादा धोंडा अधांतरी बसलेला असतो. सकाळी या भिंती बहुधा गप्प असतात. ऊन चढले की दगडांमधला गोठलेला ओलावा सुटतो आणि खडखडाट सुरू होतो. माथ्यावर कडेला समांतर भेगा गेलेल्या आढळल्या तर पुढचा तुकडा कोणता सुटणार हे डोंगराने सांगून ठेवले आहे असे मानावे आणि त्या रेषेच्या खूप आत थांबावे.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी येथे आपली एक सवय बाजूला ठेवायला हवी. माळीण किंवा इर्शाळवाडीच्या दुर्घटनांनंतर दरड म्हटली की आपल्याला मुसळधार पाऊस आठवतो, आणि निरभ्र आकाश दिसले की आपण निर्धास्त होतो. थंड प्रदेशात मात्र स्वच्छ उन्हाची दुपारही उतार हलवते. ओढे सकाळी उतरण्याजोगे असतात आणि दुपारनंतर फुगतात, कारण वर दिवसभर वितळलेले पाणी तेव्हा खाली पोहोचते. म्हणून हिमोढांखालून जाण्याचे आणि प्रवाह ओलांडण्याचे काम सकाळीच उरकावे, आणि तंबू अशा भिंतीच्या पायथ्याशी किंवा कोरड्या दिसणाऱ्या जुन्या पात्रात कधीही लावू नये.

याच जागेवरून पलीकडे पाहिले तर आणखी एक बदल लक्षात येतो. चतुरंगी आणि रक्तवर्ण या हिमनद्या एके काळी मुख्य गंगोत्री हिमनदीला येऊन मिळत होत्या. आता त्या तुटून वेगळ्या झाल्या आहेत आणि त्यांचे फक्त पाणी खाली येते. शालेय भूगोलात लोंबती दरी म्हणून जी आकृती काढायला सांगतात, तिची पूर्वतयारी अशीच होते. मुख्य दरीचा तळ खोल जातो, बाजूची दरी उंचावर राहते आणि तिच्या मुखाशी साठलेल्या सैल दगडमातीला ओढा चिरत नेतो. अशा मुखाखाली पंख्याच्या आकाराचा ताजा राडारोडा साचला आहे का, त्यावर झुडपे उगवली आहेत का, आणि त्याने मुख्य नदीला पलीकडच्या काठाकडे ढकलले आहे का, हे पाहून ठेवावे.

बर्फाची जाडी मोजण्याची संशोधकांची रीत याहून काटेकोर असते. ते बर्फात खोल भोके पाडून बांबूच्या काठ्या रोवतात आणि वितळण्याच्या हंगामानंतर काठी किती उघडी पडली ते पाहतात. हिमाचल प्रदेशातील लाहौलमधील छोटा शिगरी हिमनदीवर अशी मोजणी २००२ पासून चालू आहे, आणि तिच्या परिसरातच, चंद्रा नदीच्या खोऱ्यात ४,००० मीटरहून अधिक उंचीवर, गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र उभारले. हिमनदीवर बांबू रोवलेला दिसला तर तो आधाराची काठी म्हणून उपटू नये, हे सांगावे लागते यातच सर्व आले. सबंध हिमालयाचा विचार केला तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जुन्या हेरगिरी छायाचित्रांवर आधारलेल्या अभ्यासात असे आढळले की २००० नंतरची बर्फाची झीज त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या तुलनेत दुप्पट आहे.

पाणी कोठे अडले आहे

हिमनदी मागे हटते तेव्हा तिच्या जुन्या अंत्य हिमोढामागे, म्हणजे तोंडापुढे साचलेल्या दगडमातीच्या बांधामागे, खळगा उरतो आणि त्यात सरोवर तयार होते. सरोवर दिसले की भीती वाटण्याची गरज नाही, पण काही गोष्टी क्रमाने तपासाव्यात. सरोवराला अजून बर्फाचा कडा टेकलेला आहे का? तसे असेल तर ते वाढत राहील, कारण पाणी बर्फाला खालून खाते. बांध कशाचा आहे? सलग खडकाचा असेल तर धोका कमी. सैल हिमोढाचा असेल, आणि विशेषतः त्याच्या पोटात अजून बर्फ असेल, तर तो आतून खचू शकतो. बांधावर उगाचच खड्डे पडलेले असणे ही आतला बर्फ वितळत असल्याची खूण. पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खाली आहे, बाहेर जाण्याची वाट आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे, सरोवरात कोसळू शकेल असे वर काय लटकले आहे?

शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व सिक्कीमने दाखवून दिले. सुमारे ५,२०० मीटर उंचीवरील दक्षिण ल्होनाक सरोवर कित्येक दशके वाढत होते, त्याच्या धोक्याची चर्चा होती आणि २०१६ मध्ये पाइप टाकून त्यातले पाणी उतरवण्याचा प्रयत्नही झाला होता. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री त्याच्या बाजूच्या गोठलेल्या पार्श्व हिमोढाचा सुमारे दीड कोटी घनमीटरचा तुकडा पाण्यात कोसळला, त्याने उठवलेली प्रचंड लाट बांधावरून गेली, बांध फुटला आणि सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी तीस्तेच्या खोऱ्यात उतरले. चुंगथांग येथील तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण त्यात वाहून गेले. सगळ्यांचे लक्ष बांधाकडे असताना संकटाची सुरुवात बाजूच्या भिंतीपासून झाली, म्हणून सरोवराचे निरीक्षण करताना सभोवतालचे उतार पाण्याइतकेच बारकाईने पाहावेत. लाहौलमधील सिस्सू गावाच्या वर घेपन गाठ हिमनदीपुढे असेच वाढणारे सरोवर आहे. घरबसल्या सरावासाठी ते उत्तम. वेगवेगळ्या वर्षांच्या ऑक्टोबरमधील छायाचित्रांवर त्याची काठरेषा काढली की वाढ कोणत्या दिशेने होते आहे ते आपोआप दिसते.

लहान सरोवरेही सोडू नयेत. केदारनाथच्या वरचे चोराबारी ताल पार्श्व हिमोढामागे साठलेले, फारसे मोठे नसलेले पाणी होते. जून २०१३ मध्ये वितळत्या बर्फावर अतिवृष्टी झाली, १७ जूनच्या सकाळी हिमोढ फुटला आणि ते थोड्याच मिनिटांत रिकामे झाले. तेथे हानी वाढवली ती पाण्याबरोबर आलेल्या हिमोढाच्या दगडमातीने.

दिसत नाही तो बर्फ

खडकांच्या भेगांत आणि दगडांच्या ढिगाऱ्यांत वर्षानुवर्षे गोठून राहिलेला बर्फ (अशा सतत गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात) डोळ्यांना दिसत नाही. त्याचा माग रॉक ग्लेशियरवरून काढता येतो. लाहौल, स्पीती आणि लडाखच्या कोरड्या दऱ्यांत अशी भूरूपे बरीच आढळतात. दगडांचा ढीग जिभेसारखा उताराखाली पसरलेला असतो, त्याच्या पृष्ठभागावर आडव्या सुरकुत्या असतात आणि पुढची बाजू एकदम उभी असते. ही पुढची बाजू फिकट, ताज्या दगडांची आणि दगडफुलाचा (खडकाला चिकटून वाढणाऱ्या लायकेनचा) मागमूस नसलेली असेल तर ढीग अजून सरकतो आहे, म्हणजेच त्याच्या आत बर्फ आहे. ती सौम्य झालेली, दगडफूल आणि गवताने झाकलेली असेल तर आतला बर्फ संपत आला किंवा संपला आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पायथ्याशी झरा वाहत असेल तर त्यात साधा तापमापक धरावा. पाणी शून्य ते दोन अंशांच्या दरम्यान असेल तर वर बर्फ असण्याची शक्यता दाट आहे.

हाच अदृश्य बर्फ उंच कड्यांना सांधून ठेवतो. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यातील रोंटी शिखराच्या उत्तर बाजूवरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुटला आणि सुमारे १,८०० मीटर खाली कोसळला. त्यात चार भाग खडक आणि एक भाग बर्फ होता. घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळला आणि ऋषिगंगा व धौलीगंगेतून चिखल-दगडांचा लोंढा उतरला. दोनशेहून अधिक माणसे त्यात मृत वा बेपत्ता झाली. बातम्यांत त्या वेळी ‘हिमकडा कोसळला’ आणि ‘सरोवर फुटले’ असे दोन्ही छापून आले. प्रत्यक्षात पाऊस नव्हता आणि फुटण्याजोगे सरोवरही नव्हते.

कारण सांगताना

एखाद्या घटनेला हवामानबदल कारणीभूत आहे असे म्हणण्याआधी इतर कारणे बाजूला काढावी लागतात. १९९१ चा उत्तरकाशीचा आणि १९९९ चा चमोलीचा भूकंप यांनी सैल केलेले उतार आजही कोसळतात. रस्त्यासाठी पायथा कापलेला उतार बर्फाशी संबंध नसताना घसरतो. आणि हजारो वर्षांपूर्वीच्या हिमयुगानंतर उघड्या पडलेल्या दऱ्यांचा जुना हिशेबही अजून पूर्ण मिटलेला नाही. दीर्घकाळ वितळल्याने पृष्ठभाग खाली जाणे, सरोवरे वाढणे, पार्श्व हिमोढ उघडे पडणे यांचा तापमानवाढीशी संबंध ठामपणे सांगता येतो. रोंटीसारख्या एका कड्याबाबत मात्र ‘अशा घटनांची शक्यता वाढते’ एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरते. अतिशयोक्तीची किंमत या विषयाने मोजलेली आहे. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २००७ च्या अहवालात छापले गेले, आणि २०१० मध्ये ते विधान मागे घ्यावे लागले, तेव्हा खऱ्या आकड्यांवरचाही लोकांचा विश्वास काही काळ डळमळला. काराकोरममधील अनेक हिमनद्या दीर्घकाळ जवळपास स्थिर राहिल्या आहेत, ही गोष्टही लपवण्यासारखी नाही.

नोंद ठेवणे

परत येणाऱ्याला किंवा नंतर जाणाऱ्याला उपयोगी पडेल असे छायाचित्र काढायचे तर उभे राहण्याची जागा आधी नीट निवडावी. हिमोढावर उभे राहून काढलेले छायाचित्र पुढच्या खेपेस जुळत नाही, कारण ती जागा स्वतःच सरकलेली किंवा कोसळलेली असते. सलग खडक किंवा दगडफुलाचे मोठे, जुने ठिपके असलेला पक्का रुतलेला धोंडा शोधावा. पिवळसर हिरव्या रंगाचे नकाशासारखे दिसणारे दगडफूल वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही, त्यामुळे तळहाताएवढा ठिपका असलेला दगड फार काळ हललेला नाही असे धरायला हरकत नाही. जागेचे अक्षांश-रेखांश, कॅमेऱ्याची दिशा, तारीख, वेळ आणि झूम न वापरल्याची नोंद करावी, आणि चौकटीत न बदलणारी शिखररेषा येईल असे पाहावे. सोबतच्या वहीत पानाच्या एका बाजूला केवळ दिसलेले लिहावे, जसे की ‘भिंतीच्या माथ्याला समांतर भेग, लांबी अंदाजे चाळीस पावले’, आणि दुसऱ्या बाजूला त्यावरून बांधलेला अंदाज लिहावा, म्हणजे पुढे अंदाज चुकीचा ठरला तरी निरीक्षण वाया जात नाही. भेग, नवा ओढा किंवा सरोवराच्या पाण्याचा बदललेला रंग यांतले काही आढळले, तर छायाचित्र समाजमाध्यमावर टाकण्याआधी खालच्या वनचौकीला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला जागेच्या तपशिलासह कळवावे.